सीजे-३बी मध्ये व्ही-६ इंजिन बसवताना गिअरबॉक्स कोणता घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोरॅडोत असलेली १९५५ ची विलीज सीजे-३बी जीप. मूळचं एफ-हेड चार सिलिंडरचं इंजिन थकलंय आणि त्या जागी शेव्हरोलेचं ४.३ लिटरचं व्ही-६ मिळालंय. स्पायसर-१८ ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा) आणि ५.३८ रेशोचे दोन्ही अ‍ॅक्सल ठेवायचे आहेत. टायर ३० इंची. वापर मुख्यतः डोंगरातल्या खडकाळ वाटांवर, आणि तिथवर पोहोचायला पन्नास-साठ किलोमीटर डांबरी रस्ता. मूळचा तीन गिअरचा टी-९० ठेवावा, पाच गिअरचा एएक्स-१५ घ्यावा की जुना चार गिअरचा एसएम-४२०?

माझं उत्तर: एसएम-४२०, त्यामागे तोच स्पायसर-१८, आणि रस्त्यावरच्या वेगासाठी ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर बसणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच आरपीएमला जास्त वेग देणारा जोड गिअर. आता कारणं सांगतो. ती नीट समजली तर उद्या दुसरं इंजिन किंवा दुसरा गिअरबॉक्स समोर आला तरी निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

बहुतेक लोक आधी इंजिनाची ताकद बघतात आणि ती कोणता गिअरबॉक्स सोसेल ते शोधतात. लांब गाडीत ते चालतं. सीजे-३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर आहे. इथे पहिला प्रश्न लांबीचा, दुसरा अ‍ॅक्सल रेशो आणि वेगाचा, आणि ताकदीचा तिसरा. हा क्रम उलटा केला की गिअरबॉक्स मजबूत मिळतो, पण मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो. तो दर काही महिन्यांनी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) खात राहतो आणि गाडी कधीच सुरळीत चालत नाही.

लांबीचा हिशोब असा. पुढे रेडिएटर आणि पंखा, मागे मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर). या दोन टोकांमध्ये इंजिन, बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण), गिअरबॉक्स, अ‍ॅडॉप्टर, ट्रान्स्फर केस आणि शेवटी प्रोपेलर शाफ्ट एवढं सगळं बसायचं असतं. यात वाढलेला प्रत्येक इंच शाफ्टच्या वाट्यातूनच जातो. इंजिन पुढे सरकवून जागा काढू म्हणाल तर पंखा रेडिएटरला लागतो आणि ऑइल पॅन पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. मागे सरकवाल तर ४.३ चा डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडतो, कारण या इंजिनात तो मागच्या बाजूला आहे. ब्युइकच्या २२५ व्ही-६ मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे असल्यामुळे ही एक अडचण टळते, आणि जुन्या जीपमध्ये ते इंजिन एवढं लोकप्रिय व्हायचं हेही एक कारण आहे.

शाफ्ट आखूड झाल्यावर काय होतं ते आकड्यांत बघा. ट्रान्स्फर केसचं मागचं फ्लँज पिनियनपेक्षा २०० मिलिमीटर उंच आहे असं धरू. दोन क्रॉसच्या मध्यांतलं अंतर ५५० मिलिमीटर असेल तर शाफ्टचा उतार सुमारे २१ अंश होतो. ५०० ला तो २४ अंश होतो आणि ४०० ला थेट ३० अंश. दीडशे मिलिमीटरच्या फरकाने नऊ अंश वाढले. साध्या क्रॉसचा रस्त्यावरच्या चालीतला कोन १५ अंशांच्या आत राहिला पाहिजे. म्हणून गाडीची उंची वाढवायचा विचार असेल तर तो या हिशोबानंतरच करा. ८० इंची गाडीत दोन इंच उंची वाढवण्याची किंमत शाफ्टच्या कोनात मोजावी लागते.

यावर दोन उपाय आहेत. इंजिन-गिअरबॉक्सची सगळी ओळ मागच्या बाजूला तीन-चार अंश खाली झुकवून बसवा. तेवढाच कोन पुढच्या क्रॉसवरचा कमी होतो. पिनियनही त्याच रेषेला समांतर ठेवा, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे राहतील आणि एका क्रॉसचा वेगातला चढउतार दुसरा खाऊन टाकेल. एवढ्याने भागत नसेल तर ट्रान्स्फरकडच्या टोकाला डबल क्रॉसचा सीव्ही जॉइंट लावावा लागतो. तेव्हा नियम बदलतो, पिनियन समांतर न ठेवता थेट जॉइंटकडे रोखायचा असतो. मात्र डबल क्रॉस स्वतःच लांबी खातो, त्यामुळे फार आखूड शाफ्टमध्ये त्यानेही फारसा फायदा होत नाही.

याच ठिकाणी पाच गिअरचे आधुनिक बॉक्स बाद होतात. एसएम-४२० ची केस साधारण साडेदहा इंच लांब आहे. त्याच्यानंतर आलेला एसएम-४६५ बारा इंचांचा. एनव्ही-४५०० सुमारे साडेअठरा इंचांचा. एएक्स-१५ आणि एनव्ही-३५५० सुद्धा एसएम-४२० पेक्षा बरेच लांब, त्यात स्पायसर-१८ साठीच्या अ‍ॅडॉप्टरची जाडी वेगळी. एएक्स-१५ चांगला गिअरबॉक्स आहे. सगळे पुढचे गिअर सिंक्रोमेशचे (चालत्या गाडीत न खडखडता पडणारे), पाचवा ०.७९ चा, हाताला गुळगुळीत. पुढे आलेल्या ९३-९४ इंची व्हीलबेसच्या रँग्लरमध्ये तो शोभून दिसतो. सीजे-३बी मध्ये तो बसवायचा तर अ‍ॅक्सल मागे सरकवावा लागेल किंवा फायरवॉल कापावी लागेल. एका पाचव्या गिअरसाठी सत्तर वर्षांची बॉडी कापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑटोमॅटिकबद्दल दोन वाक्यं. टीएच-३५० हा साधा आणि टिकाऊ आहे, पण एकवीस इंचांहून लांब आणि पहिला गिअर २.५२ चा. शिवाय खडकाळ चढावर संथ गतीत कन्व्हर्टर तेल तापवतो आणि या गाडीच्या छोट्या नाकात ऑइल कूलरला जागा नाही.

आता वेग. हे सूत्र लिहून ठेवा. ताशी किलोमीटर म्हणजे इंजिनाचे आरपीएम, गुणिले चाकाच्या एका फेरीत कापलेले मीटर, गुणिले ६०, भागिले गिअर रेशो, भागिले अ‍ॅक्सल रेशो, भागिले १०००. चाकाच्या फेरीचं अंतर तक्त्यातून घेऊ नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरी ढकला आणि टेपने मोजा. ३० इंची टायर वजनाखाली दबतो, त्यामुळे हे अंतर कागदावरच्या २.३९ मीटरऐवजी २.३ च्या आसपास येतं. अ‍ॅक्सल रेशोही दात मोजूनच पक्का करा. ४३ आणि ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. एवढ्या वर्षांत कुणी कुठला अ‍ॅक्सल बदलला असेल सांगता येत नाही, आणि पुढचा-मागचा रेशो वेगळा असेल तर फोर व्हील लावताच ट्रान्स्फर केसमध्ये ओढाताण सुरू होते.

२५०० आरपीएमला टॉप गिअरमध्ये, म्हणजे एकास एक रेशोवर, ५.३८ चे अ‍ॅक्सल तुम्हाला फक्त ६४ किलोमीटरचा वेग देतील. ३००० ला ७७. मूळ इंजिनाच्या काळात हे चालून जायचं. आज मागून येणाऱ्या ट्रकसमोर ते धोक्याचं आहे. ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह लावला की २५०० आरपीएमला ८५ आणि ३००० ला १०२ मिळतात. अ‍ॅक्सल ४.२७ चे केले तर ओव्हरड्राइव्हशिवाय २५०० ला ८१ मिळतात. म्हणजे दोन वाटा आहेत आणि दोन्हींचं फळ जवळपास सारखं.

ओव्हरड्राइव्ह स्पायसर-१८ च्या मागच्या पीटीओच्या (बाहेरचं यंत्र चालवायला ताकद काढून घेण्याच्या) भोकात बसतो, गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या रेषेत. त्याने लांबीत काहीच भर पडत नाही, कारण मागचा प्रोपेलर शाफ्ट त्या रेषेत नसून उजव्या बाजूच्या आउटपुटवरून निघतो. स्पायसर-१८ ठेवण्याचा माझा आग्रह आहे तो मुख्यतः यासाठी. वॉर्नने हे ओव्हरड्राइव्ह बनवले आणि पुढे त्याच धर्तीवर सॅटर्न आला. दर गिअरच्या मध्ये एक जास्तीची पायरी मिळते, आणि लो रेंजमध्येही (ट्रान्स्फर केसच्या संथ, जास्त जोराच्या गिअरमध्ये) तो वापरता येतो. जपायचं ते तेलाला. ट्रान्स्फर केसची पातळी थोडी खाली राहिली तरी पहिल्यांदा जळतो तो ओव्हरड्राइव्ह. नवा बसवताना आतले गिअर हाताने तेलात भिजवून मगच बंद करा, आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर दर वेळी पातळी बघा. जड चढावर, पूर्ण ताकद लावताना तो बंद ठेवा. त्याचे गिअर लहान आहेत.

डोंगरात उलटा हिशोब हवा, गाडी किती हळू जाईल याचा. पहिला गिअर, लो रेंज आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार करा. नागरी सीजेमधल्या स्पायसर-१८ ची लो रेंज २.४६ आहे. युद्धकाळातल्या लष्करी जीपमधून काढलेली केस असेल तर ती १.९७ ची, तेव्हा केस कुठली आहे ते आधी ओळखा. टी-९० चा पहिला गिअर २.८० चा. २.८० गुणिले २.४६ गुणिले ५.३८ म्हणजे ३७. एएक्स-१५ चा ३.८३, त्याने ५१ येतात. टी-१८ चा रुंद रेशोचा प्रकार ६.३२ चा, त्याने ८४. एसएम-४२० चा पहिला ७.०५ चा, त्याने ९३. इंजिन ७०० आरपीएमवर नुसतं सोडलं तर ३७ वर गाडी ताशी २.६ किलोमीटरने सरकते आणि ९३ वर एक किलोमीटरने. खडकावर हा फरक फार मोठा आहे. २.६ च्या वेगाला तुम्हाला क्लच अर्धा दाबून गाडी सांभाळावी लागते, क्लच तापतो आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच उतरावं लागतं. एकच्या वेगाला पाय पेडलवरून काढून फक्त स्टिअरिंगकडे लक्ष देता येतं.

एसएम-४२० चे रेशो ७.०५, ३.५८, १.७१ आणि १ असे आहेत. रस्त्यावर पहिला गिअर विसरा, दुसऱ्यावर गाडी उचला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम निम्म्याहून खाली पडतात, ३००० वरून १४३० वर. मूळचं एफ-हेड इंजिन अशा दरीत गुदमरलं असतं. त्याचा टॉर्क १५५ न्यूटन-मीटरच्या आसपास. ४.३ चा तीनशेच्या पुढे आणि तोही खालच्या आरपीएमला, म्हणून त्याला ही दरी झेपते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका. चढावर चालत्या गाडीत तो दामटून घालायची सवय असलेल्या माणसाच्या हाती गेलेले बॉक्स पहिल्या गिअरच्या दातांवरून लगेच ओळखू येतात.

ताकदीबद्दल आता. टी-९० दुप्पट टॉर्कखाली टिकेल का? टॉप गिअरमध्ये टिकेल, कारण तिथे ताकद थेट आरपार जाते आणि काउंटर शाफ्टवर (बॉक्समधल्या खालच्या जोड शाफ्टवर) भार येत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये, खडकात चाक अडकलेलं असताना त्याचे दात जातात. हलक्या पायाने, फक्त मातीच्या रस्त्यांवर चालवणार असाल आणि गाडीचं मूळ रूप जपायचं असेल तर टी-९० आणि ओव्हरड्राइव्ह ही वाईट जोडी नाही. तुमच्या खडकाळ वापराला ती पुरणार नाही.

एसएम-४२० मुळे पहिल्या गिअरला एवढा टॉर्क येतो तर मागचे सगळे भाग तुटतील, ही भीती बरेच जण दाखवतात. ३१० न्यूटन-मीटर गुणिले ७.०५ गुणिले २.४६ म्हणजे ट्रान्स्फरच्या बाहेर ५३७० न्यूटन-मीटर, असा हिशोब मांडतात. तेवढा टॉर्क तिथवर कधी पोहोचतच नाही. १४०० किलो वजनाची गाडी, चांगली पकड असलेली जमीन, दबलेल्या चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर धरली तर चारही चाकं मिळून सुमारे ४००० न्यूटन-मीटरला घसरतात. त्याला ५.३८ ने भागा, दोन्ही शाफ्टवर मिळून साडेसातशेच्या वर भार येत नाही. चाकं घसरतात आणि बाकीची ताकद वाया जाते. धोका येतो तो चाक दोन दगडांत घट्ट अडकल्यावर आणि तरीही पाय दाबल्यावर. तेव्हा पुढच्या डाना-२५ च्या अ‍ॅक्सलचे जॉइंट किंवा मागच्या टेपर अ‍ॅक्सलची चावी (हबला शाफ्टवर अडकवणारी पट्टी) तुटते. मागच्या हबचा नट २०० न्यूटन-मीटरला कसा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा कसा. तो जरा सैल राहिला तरी चावी आणि टेपर दोन्ही जातात.

ट्रान्स्फर केसमध्ये बघायचा भाग म्हणजे इंटरमीजिएट शाफ्ट. सुरुवातीच्या केसमध्ये तो पाऊण इंची होता, नंतर सव्वा इंचाच्या जवळ गेला आणि शेवटी सव्वा इंची झाला. पाऊण इंची असेल तर व्ही-६ च्या मागे लावू नका, मोठ्या शाफ्टची केस शोधा. दुसरं माप गिअरबॉक्सला चिकटणाऱ्या तोंडावरच्या भोकाचं. ते एकतर सव्वातीन इंचांच्या थोडं आत असतं किंवा चार इंची असतं. अ‍ॅडॉप्टर मागवताना हेच माप चुकतं आणि पार्सल परत पाठवावं लागतं.

इतर चार गिअरचे बॉक्स? टी-१८ उत्तम आहे आणि अजून मिळतो, पण दोन प्रकारांत येतो: पहिला गिअर ६.३२ चा आणि ४.०२ चा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. बॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाका, आउटपुट शाफ्टवर खूण करा आणि त्याची एक फेरी होईपर्यंत इनपुट किती वेळा फिरतो ते मोजा. सव्वासहा की चार, लगेच कळतं. शेव्हरोले इंजिनाला तो जोडायला वेगळी बेल हाउसिंग किंवा प्लेट लागते. एनपी-४३५ बद्दलही तेच, ६.६९ चा पहिला गिअर, बॉक्स दणकट. एसएम-४६५ हा जनरल मोटर्सचाच, १९६८ पासून १९९१ पर्यंत निघालेला, सहज मिळतो, पण दीड इंच जास्त लांब आणि वजनाला ८० किलोच्या घरात. एसएम-४२० साठ किलोच्या आसपास आहे. तो १९४७ ते १९६७ दरम्यानच्या ट्रकमध्ये आला, म्हणून आता शोधावा लागतो. मला तो आवडायचं एक कारण हेही की तो शेव्हरोले इंजिनाच्याच घराण्यातला आहे. इनपुट शाफ्टवर सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचे दहा स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा), त्याची क्लच प्लेट आणि पायलट बुश (इनपुटचं टोक पेलणारा बुश) कुठल्याही दुकानात मिळतात.

जुना एसएम-४२० विकत घेताना वरचं झाकण काढायला लावा. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरच्या दातांच्या कडा बघा. कडा गोल झाल्या असतील तर चालेल, दाताचा तुकडाच गेला असेल तर सोडून द्या. इनपुट शाफ्ट हाताने वरखाली हलवा, जाणवेल इतका खेळ म्हणजे पुढचं बेअरिंग संपलंय. तळाच्या तेलात बोट फिरवा. पितळी पावडर म्हणजे सिंक्रो रिंग झिजताहेत, ते सुधारता येतं. लोखंडी कण हाताला टोचले तर काउंटर शाफ्टपर्यंत उघडावं लागेल. गिअर लीव्हर खालच्या टोकाला आणि पिनांवर झिजतो, त्यामुळे तो भाताच्या पातेल्यातल्या पळीसारखा चहूकडे फिरतो. ती झीज स्वस्तात दुरुस्त होते, त्यासाठी चांगला बॉक्स नाकारू नका. पाण्यात पडून राहिलेला बॉक्स मात्र नको, बेअरिंगच्या जागा गंजलेल्या असतात.

बसवणीला सुरुवात रिकाम्या सांगाड्याने करा. नुसता ब्लॉक, गिअर काढलेली गिअरबॉक्सची केस, अ‍ॅडॉप्टर आणि ट्रान्स्फर केस एकत्र बोल्ट करून लाकडी ठोकळ्यांवर चॅसिसमध्ये ठेवा. गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनाखाली उभी हवी. जॅकवर लटकलेल्या अ‍ॅक्सलने घेतलेली मापं खोटी निघतात. मागच्या शाफ्टची लांबी आधी ठरवा, ट्रान्स्फर केस तिथे पक्की करा, मग पुढे किती जागा उरते ते बघा. उजव्या बाजूला विशेष लक्ष द्या. शेव्हरोलेचा स्टार्टर उजवीकडे खाली बसतो आणि सीजेचा पुढचा प्रोपेलर शाफ्टही उजवीकडूनच जातो. १६८ दातांचं १४ इंची फ्लायव्हील घेतलं तर स्टार्टर आणखी बाहेर जातो. १५३ दातांचं, पावणेतेरा इंची फ्लायव्हील घ्या. अ‍ॅक्सल पूर्ण वर दबल्यावर शाफ्ट आणि स्टार्टरमध्ये निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. त्याच बाजूचा सायलेन्सरचा पाइपही याच वेळी आखून घ्या.

बेल हाउसिंगचं मधलं भोक आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंग रिटेनरचा व्यास जुळला पाहिजे. जनरल मोटर्सच्या कारच्या हाउसिंगना ४.६८६ इंचांचं भोक असतं, बऱ्याच ट्रकच्या हाउसिंगना ५.१२५ चं. मोठ्या भोकात लहान रिटेनर सैल बसला की बोल्टवर टांगलेला गिअरबॉक्स मध्यातून सरकतो. दिसत काही नाही, पण क्लच दाबल्यावर घरघर येते, पायलट बुश महिन्याभरात जातो आणि टॉप गिअर आपोआप निसटतो. हे टाळायला फ्लायव्हीलवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवा आणि हाउसिंगच्या भोकाची धाव, म्हणजे ते मध्यापासून किती सरकलंय ते मोजा. पूर्ण फेरीत ०.००५ इंचांच्या, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांचे ऑफसेट डॉवेल (हाउसिंगचा मध्य सरकवणाऱ्या पिना) मिळतात, त्यांनी दुरुस्त होते. या कामाला अर्धा दिवस जातो म्हणून बहुतेक जण ते टाळतात, आणि गिअरबॉक्स खराब निघाला म्हणून दोष देतात.

गिअरबॉक्स क्लचशिवाय एकदा नुसता सरकवून बघा. तो हाताने पूर्ण बेल हाउसिंगला टेकला पाहिजे. फट राहिली तर इनपुटचं टोक पायलटमध्ये तळाला लागतंय. बोल्ट आवळून फट कधीही मिटवू नका, केसचे कान फुटतात. क्लच लावल्यावर बॉक्स जॅकवर आधारलेला ठेवा. साठ किलो वजन क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळलं की प्लेट वाकते आणि मग क्लच सुटतच नाही. डायफ्रॅम आणि बोटांच्या प्रेशर प्लेटला रिलीज बेअरिंगची लांबी वेगवेगळी लागते, ती जोडीनेच घ्या.

मूळचं क्लचचं सळईचं जोडकाम ठेवू नका. इंजिन माउंटिंगवर हललं की तेच क्लच ओढतं-सोडतं आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उड्या मारते. हायड्रॉलिक लावा. रिलीज बेअरिंगला दहा-अकरा मिलिमीटर चाल हवी, फोर्कचं प्रमाण एकास दोन धरलं तर स्लेव्हला बावीस. पाऊण इंची मास्टर आणि सात अष्टमांश इंची स्लेव्ह घेतला तर मास्टरच्या तीस मिलिमीटर चालीला स्लेव्ह बरोबर बावीस सरकतो.

तेल जीएल-४ दर्जाचं ८०-डब्ल्यू-९० घाला. जीएल-५ मधली गंधकाची मिश्रणं पितळी सिंक्रो रिंगना खातात. टी-९० ठेवलात तर गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमधलं तेल एकमेकांत झिरपतं हे लक्षात असू द्या. एकाची पातळी वाढत असेल तर दुसऱ्याची नक्की कमी होतेय. मधल्या बेअरिंगला सील लावायची सोय मिळते, उघडलेलंच आहे तर ती करून घ्या.

आणि ब्रेक. मूळचे नऊ इंची ड्रम या इंजिनाला पुरत नाहीत. अकरा इंची ड्रम किंवा पुढे डिस्क हे ओव्हरड्राइव्हच्या आधी घ्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण हीच सीजे-३बी महिंद्राने मुंबईत दशकानुदशकं बनवली आणि टी-९०, स्पायसर-१८ ही नावं इथल्या गॅरेजांतही तशीच चालतात. लांबीचा आणि कोनाचा हिशोब अक्षरशः तोच. फरक तीन. पहिला, उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा बॉक्स आणि त्याचे दांडेही पुढच्या शाफ्टच्याच बाजूला येतात, त्यामुळे स्टार्टर किंवा सायलेन्सर उजवीकडे असलेलं इंजिन आणखी अवघड जातं. खरेदीआधीच खाली झोपून ती बाजू मोजा. दुसरा, इथे बहुतेकांना डिझेल बसवायचं असतं. तीन हजारांच्या आसपास दम संपणारं डिझेल इंजिन, २.२ मीटरचा टायर आणि ५.३८ चे अ‍ॅक्सल घेतले तर टॉप गिअरमध्ये ७४ किलोमीटरला सगळं संपतं, आणि तेही इंजिन ओरडत असताना. डिझेलसाठी सातच्या पहिल्या गिअरची गरज तेवढी नसते, ते खालच्या आरपीएमलाच ओढतं. तिथे पहिला खर्च क्राउन-पिनियनवर (अ‍ॅक्सलचा रेशो ठरवणाऱ्या गिअरच्या जोडीवर) करा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. ते ४.२७ चे झाले तर तेच इंजिन ९३ देतं. गिअरबॉक्स शक्यतो त्याच इंजिनासोबत कारखान्यातून आलेला, त्याच बेल हाउसिंगसह घ्या. डिझेलचे धक्के जोरकस असतात, पेट्रोलची क्लच प्लेट त्याला लावली तर तिच्या स्प्रिंगा तुटतात. ट्रान्स्फर केसही त्याच संचातली घेणार असाल तर तिचं पुढचं आउटपुट कोणत्या बाजूला आणि मागचं मध्यावर की बाजूला, ते तुमच्या डिफरन्शियलशी जुळतंय का ते बघा. बाजू उलटी निघाली तर अ‍ॅक्सल बदलण्यावाचून मार्ग नाही.

तिसरा फरक कागदपत्रांचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद. पेट्रोलचं डिझेल होत असेल तर इंधनाचा प्रकारही त्यात येतो. जुन्या इंजिनाची पावती आणि नव्याच्या मालकीचा कागद दोन्ही जपून ठेवा, आणि परवानगी हातात येण्याआधी माउंटिंग कापू नका. नाकारली गेली तर मूळ इंजिन परत बसवता आलं पाहिजे.